दोन रेषा, एकावर एक

मागे एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये एका नवीन विद्यार्थिनीने स्क्रीन शेअर करून एक प्लॉट दाखवला. एका गॅमा किरण स्फोटाचा आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटानंतर उरलेली, विझत जाणारी झळाळी. एक्स-रे, ऑप्टिकल, रेडिओ असे तीन रंगांचे ठिपके, त्यांच्यावर एररबार, दोन्ही अक्ष लॉगमध्ये आणि ठिपक्यांमधून उतरत गेलेली मॉडेलची रेषा. नेहमीचंच चित्र. मग ती म्हणाली, आता दुसरी रेषा काढते. काहीच बदललं नाही, आम्हाला वाटलं नेट अडकलंय. ती म्हणाली, नाही, आलीय, पहिलीच्या बरोब्बर खाली आहे. पहिली रेषा तिने थोडी पारदर्शक केली तेव्हा कुठे खालचा रंग दिसला. दुसऱ्या रेषेत स्फोटाची ऊर्जा पहिलीच्या शंभरपट होती, आजूबाजूच्या वायूची घनताही शंभरपट. ‘मग यातलं खरं कुठलं?’ तिने विचारलं. कुणीतरी म्हणालं, ‘अगं, एफ एक धरायचा, सगळे तसंच धरतात,’ आणि मीटिंग पुढच्या स्लाइडवर गेली.

उत्तर चुकीचं नव्हतं. पण मला ते काही केल्या पचेना.

असं होतं हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. डेव्हिड आइक्लर आणि एली वॅक्समन यांनी २००५ मध्येच हे लिहून ठेवलंय. स्फोटातून निघालेला शॉक, म्हणजे आघाताची लाट, पुढे जाताना वाटेतले इलेक्ट्रॉन गोळा करत जातो, पण त्यातले सगळेच प्रचंड ऊर्जेला पोचतात की थोडेसेच, हे आपल्याला ठाऊक नाही. जितका हिस्सा पोचतो तो एफ. आता एफ एकच्या जागी एक शतांश धरा, ऊर्जा आणि घनता शंभरपट करा, इलेक्ट्रॉनांना आणि चुंबकीय क्षेत्राला मिळणारा ऊर्जेचा वाटा शंभर पटींनी कमी करा, आणि आपल्यापर्यंत येणारा प्रकाश जसाच्या तसा राहतो. शॉक किती जोरात धावेल हे ऊर्जा भागिले घनता यावर ठरतं, ते बदललं नाही. चमकणारे इलेक्ट्रॉन तितकेच, कारण घनता शंभरपट झाली तरी त्यातला शंभरावाच हिस्सा चमकतोय. त्यांच्या वाट्याची एकूण ऊर्जा तीच, चुंबकीय क्षेत्रही तेच. उरलेले नव्व्याण्णव टक्के इलेक्ट्रॉन तिथेच आहेत, शॉकबरोबर वाहत चाललेत, पण त्यांची खबर आपल्याला लागत नाही. आणि हे ताणता येतं कुठपर्यंत, तर इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या गुणोत्तरापर्यंत, म्हणजे जवळपास १८०० पट. पेपरात आपण ऊर्जेपुढे दशांश चिन्ह देऊन आकडा लिहितो, त्याच्या डोक्यावर प्लस-मायनस लिहितो, आणि खाली कुठेतरी हे १८०० पटीचं मैदान पसरलेलं असतं. वाचलेलं वेगळं आणि दोन रेषा एकमेकींखाली गायब होताना बघणं वेगळं.

हे मॉडेल पहिल्यांदा नीट कळलं तेव्हाची धुंदी मला अजून आठवते. गणित अर्ध्या पानात मावतं, खरंच. शॉक वायू गोळा करत जातो, जितका गोळा करेल तितका मंदावतो, आणि एकूण ऊर्जा तर कायम राहिली पाहिजे. ऊर्जा म्हणजे साधारण गोळा झालेलं वस्तुमान गुणिले लॉरेन्ट्झ फॅक्टरचा (वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती जवळ पोचलाय ते सांगणाऱ्या आकड्याचा) वर्ग, वस्तुमान त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतं, म्हणजे लॉरेन्ट्झ फॅक्टर त्रिज्येच्या दीड घाताने उतरणार. मग त्यात काळाची गंमत मिसळायची. शॉक स्वतःच प्रकाशाच्या मागे जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने धावतोय, त्यामुळे तो जे महिनाभर करतो ते आपल्याला मिनिटांत उरकलेलं दिसतं. लॉरेन्ट्झ फॅक्टर शंभर असेल तर महिना-सव्वा महिन्याचा प्रवास दोन-तीन मिनिटांत आवळला जातो. दोन्ही ओळी एकत्र केल्या की उत्तर बाहेर पडतं, त्रिज्या आपल्या घड्याळाच्या एक चतुर्थांश घाताने वाढते आणि लॉरेन्ट्झ फॅक्टर तीन अष्टमांश घाताने उतरतो. कुठलाही अंतराळातला फोटो न बघता, पेन्सिलने. हे नीट, आतल्या थरांसकट, रॉजर ब्लँडफर्ड आणि क्रिस्टोफर मॅकी यांनी १९७६ मध्ये सोडवलं होतं, तेव्हा आफ्टरग्लो नावाची गोष्ट कुणी पाहिलीसुद्धा नव्हती, वीसेक वर्षं ते समीकरण तसंच वाट बघत राहिलं.

त्या पानावर मी एक आकडा काढून ठेवला होता तो मला फार आवडतो. दर घन सेंटीमीटरला एक अणू इतका विरळ वायू धरला आणि शॉक दहाचा सतरावा घात सेंटीमीटर, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या साडेसहा हजार पटींहून थोडा जास्त पुढे आला, तर तोवर त्याने गोळा केलेलं वस्तुमान किती, पूर्ण गोल धरला तर? साधारण एका पृथ्वीइतकं. एक पृथ्वीभर वायू, तोही इतका विरळ की आपल्या प्रयोगशाळेतली निर्वात पोकळी त्यापुढे दाट वाटेल, आणि तेवढ्याने विश्वातला सगळ्यात वेगवान लोंढा मंदावायला लागतो. जे दिसतं ते सगळं या अडण्याचंच फळ आहे. समोर काहीच नसतं तर आफ्टरग्लोही नसता.

या गणिताची वंशावळ मात्र अंगावर काटा आणणारी आहे. ब्लँडफर्ड-मॅकीच्या आधी त्याचं साधं, कमी वेगाचं रूप दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जेफ्री टेलर, लिओनिद सेदोव्ह आणि जॉन फॉन नॉयमन यांनी वेगवेगळं शोधलं, विषय होता अणुबॉम्ब. १९४५ च्या ट्रिनिटी चाचणीचे फोटो पुढे प्रसिद्ध झाले, त्यावर किती मिलिसेकंदांनी आगीचा गोळा किती मीटरचा झाला ते होतं, आणि टेलरनी १९५० मध्ये त्यावरून बॉम्बची ताकद सुमारे १७ किलोटन अशी काढून दाखवली. पुढे १९६३ मध्ये चाचणीबंदीचा करार झाला, तो कुणी चोरून मोडतंय का हे बघायला अमेरिकेने वेला उपग्रह सोडले आणि त्यांनाच २ जुलै १९६७ रोजी पहिला गॅमा किरण स्फोट दिसला, जगाला कळला १९७३ मध्ये. म्हणजे बॉम्बसाठी मांडलेलं गणित, बॉम्बवर पाळत ठेवणारे डोळे, आणि दोन्ही शेवटी अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या एका मरणाऱ्या ताऱ्यापाशी येऊन भेटले. मला यात दिलासा वाटतो का विषाद वाटतो हे माझं मलाच नक्की ठरवता आलेलं नाही, दोन्ही वाटतं.

पण त्या मीटिंगनंतर टेलरकडे मी वेगळ्याच कारणाने परत गेलो. त्यांच्या सूत्रातही ऊर्जा एकटी येत नाही, ऊर्जा भागिले घनता अशीच येते. त्यांना ऊर्जा सांगता आली कारण वाळवंटावरच्या हवेची घनता सगळ्यांना माहीत होती. आपल्याकडे ती हवा कुठली आहे? दूरच्या आकाशगंगेतल्या कुठल्यातरी कोपऱ्यातला वायू, दर घन सेंटीमीटरला एक अणू असेल, शंभर असतील, हजारांश असेल. फोटो आहेत, हवा माहीत नाही.

१९९७ साली हे सगळं पहिल्यांदा जुळून आलं. २८ फेब्रुवारीला बेप्पोसॅक्स उपग्रहाने एक स्फोट पकडला, काही तासांत एक्स-रे दुर्बीण तिकडे वळवली, तिथे विझत जाणारा ठिपका दिसला, मग ऑप्टिकलमध्येही दिसला. पीटर मेसारोश आणि मार्टिन रीस यांचा, स्फोटामागे अशी उतरती झळाळी दिसायला हवी असं सांगणारा पेपर त्याच महिन्यात छापून आला होता. विज्ञानात इतकं नेमकं टायमिंग क्वचितच साधतं. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातला स्फोट, ९७०५०८, तो माझा सगळ्यात लाडका. केक दुर्बिणीने त्याची रेडशिफ्ट (प्रकाश किती ताणला गेलाय ते, ज्यावरून अंतर कळतं) किमान ०.८३५ आहे हे दाखवलं, म्हणजे हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की बाहेरचे हा जवळजवळ पंचवीस वर्षांचा वाद मिटला. पण माझं मन अडकलंय त्याच्या रेडिओ प्रकाशात. पहिले काही आठवडे तो वेडावाकडा लुकलुकत होता, नंतर हळूहळू शांत झाला. तारा लुकलुकतो आणि ग्रह लुकलुकत नाही, कारण ताऱ्याचा ठिपका बारीक आणि ग्रहाची चकती मोठी. इथे हवेच्या जागी आकाशगंगेतला विरळ आयनित वायू. लुकलुक थांबली म्हणजे ठिपक्याची चकती झाली, म्हणजे तो वाढला. आणि किती वाढला, तर दहाच्या सतराव्या घाताच्या आसपास सेंटीमीटर. पेन्सिलने काढलेला आकडा आकाशाने परत पाठवला होता.

पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, रे’एम सारी, त्स्वी पिरान आणि रमेश नारायण यांचा चार पानी पेपर आला, जो आजही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हातात आधी दिला जातो. शॉकमागे चुंबकीय क्षेत्र, त्यात गरगरणारे इलेक्ट्रॉन, त्यांचा सिंक्रोट्रॉन प्रकाश. स्पेक्ट्रम म्हणजे तीन ठिकाणी मोडलेल्या सरळ रेषा. एक मोड जिथे वायू स्वतःचाच रेडिओ प्रकाश गिळायला लागतो, एक मोड बहुसंख्य इलेक्ट्रॉनांच्या फ्रिक्वेन्सीचा, एक मोड जिथे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा उधळून थंड होतात. हे मोड दिवसागणिक सरकत जातात, एखाद्या फिल्टरमधून एखादा मोड पार झाला की त्या रंगाचा लाइट कर्व्ह, म्हणजे काळानुसार उजेडाचा आलेख, वळतो. पाच पॅरामीटर, बस. ऊर्जा, घनता, इलेक्ट्रॉनांचा वाटा, चुंबकीय क्षेत्राचा वाटा, आणि इलेक्ट्रॉनांच्या वितरणाचा उतार पी. उतार पी रेषेच्या तिरकेपणावरून कळतो. उरले चार. आणि मोजता येतात किती गोष्टी? तीन मोड आणि शिखराची उंची, म्हणजे चार. चार अज्ञात, चार मोजमापं, सगळं किती व्यवस्थित. एफला बसायला जागाच नाही, म्हणून तो एक धरायचा. तोही नशीब चांगलं असेल तर, कारण बहुतेक स्फोटांचा रेडिओ इतका मंद असतो की पहिला मोड सापडतच नाही, मग चार अज्ञात आणि दोन-अडीच मोजमापं अशी ओढाताण चालते. म्हणून ज्यांचा रेडिओ हाती लागतो ते स्फोट आम्ही जपून ठेवतो. २९ मार्च २००३ चा स्फोट तसा होता, जवळचा, तेजस्वी, पोटातला सुपरनोव्हाही दाखवून गेलेला. त्याच्या मागे जगभरच्या रेडिओ दुर्बिणी लागल्या, आपल्या जीएमआरटीने १२८० आणि ६१० मेगाहर्ट्झला त्याला पकडलं, आणि गिळला जाणारा प्रकाश मोकळा होताना बघायला कमी फ्रिक्वेन्सीच लागते.

फिट करताना संगणकावर हे कसं दिसतं ते सांगायला हवं. शेकडो चेन, म्हणजे जुळणारे आकडे चाचपत फिरणाऱ्या साखळ्या, पॅरामीटरांच्या जागेत भटकत असतात, सुरुवातीला वाट्टेल तिकडे, मग हळूहळू एका भागात गोळा होतात, शेवटी कॉर्नर प्लॉट निघतो. पायऱ्यापायऱ्यांचा तक्ता, प्रत्येक चौकोनात दोन पॅरामीटरांचं नातं. जे नीट ठरलेत त्यांचे ठिपके गोल आणि आटोपशीर. पण ऊर्जा विरुद्ध घनता, घनता विरुद्ध चुंबकीय वाटा, इथे ठिपका लांबलचक होतो, वाकतो, याला आम्ही केळंच म्हणतो. फिट चांगला झाला की रेषा ठिपक्यांतून सुरेख जाते आणि कॉर्नर प्लॉटमध्ये केळी असतात, दोन्ही एकाच वेळी खरं. लोक पहिल्या चित्राचा स्क्रीनशॉट काढतात. मी हल्ली दुसऱ्या चित्राकडे जास्त वेळ बघत बसतो, केळ्याचं टोक प्रायरच्या, म्हणजे आपणच आधी आखून दिलेल्या मर्यादेच्या, भिंतीला टेकलंय का ते बघतो, टेकलं असेल तर तिथे निसर्ग थांबलेला नसतो, आपण थांबवलेलं असतं.

आणि चुंबकीय वाट्याबद्दल तर मनात कायम एक अस्वस्थता आहे. आंतरतारकीय वायूत काही मायक्रोगॉसचं क्षेत्र असतं, शॉकने ते नुसतं दाबलं तर मिळणारा वाटा फिटमध्ये लागतो त्याच्या मानाने अगदीच नगण्य. म्हणजे शॉक स्वतःच क्षेत्र निर्माण करतो. कणांच्या सिम्युलेशनमध्ये तसं होताना दिसतं, आरपार जाणारे प्रवाह आपोआप दोऱ्यांसारखे विलग होतात आणि त्यांच्याभोवती क्षेत्र उभं राहतं, इलेक्ट्रॉनही वेग घेतात. पण ती सिम्युलेशनं शॉकच्या आयुष्यातला एक निमिषभर दाखवतात, आणि आपण मात्र तो वाटा स्फोटानंतरच्या पहिल्या मिनिटापासून वर्षभर एकच ठेवतो. का ठेवतो? कारण डेटा तक्रार करत नाही. हे कारण मला रात्री पुरेसं वाटत नाही, सकाळी वाटतं.

२०१७ चा हिवाळा याच बाबतीत मोठी शिकवण देऊन गेला. १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, गुरुत्वीय लहरी आल्या, १.७ सेकंदांनी एक अशक्त गॅमा स्फोट आला, आणि मग आफ्टरग्लोचा पत्ताच नाही. चंद्रा दुर्बिणीला नवव्या दिवशी एक्स-रे दिसला, रेडिओ सोळाव्या दिवशी. आणि तो उतरण्याऐवजी चढत होता! पाच महिने चढत राहिला. तेव्हा दोन तट पडले होते. एकीकडे म्हणत होते जेट, म्हणजे स्फोटातून सुटलेला अरुंद झोत, आतच अडकला, त्याने फुगवलेला रुंद कोश आपल्याला दिसतोय. दुसरीकडे म्हणत होते जेट बाहेर पडलाय, पण आपण त्याच्याकडे तिरकं बघतोय, त्याच्या मंद कडेपासून हळूहळू त्याचा गाभा नजरेत येतोय. लाइट कर्व्हला दोन्ही बसत होते. महिनोन् महिने नवीन ठिपका यायचा आणि दोन्ही रेषा त्यातून जायच्या. निकाल लावला तो लाइट कर्व्हने नाही, खंडाखंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून काढलेल्या चित्राने. स्फोटानंतरच्या ७५ व्या आणि २३० व्या दिवसांच्या दरम्यान तो ठिपका आकाशात सरकला होता, प्रकाशाच्या चौपट वेगाने सरकल्यासारखा दिसला. तिरकस दिशेने येणारा अरुंद जेटच असा भास निर्माण करू शकतो. आणि नंतर कळलं की लाइट कर्व्हमधून बघण्याचा कोन आणि जेटचा कोन वेगवेगळे निघतच नाहीत, त्यांचं गुणोत्तर तेवढं निघतं. सरकण्याने ती गाठ सोडवली.

परत गुणोत्तर.

ऊर्जा मोजण्याचा एक धीराचा मार्ग आहे, तो ९७०५०८ वर वापरला गेला. वाट बघायची. वर्ष उलटू द्यायचं, शॉकचा वेग प्रकाशापेक्षा बराच कमी होऊ द्यायचा, मग जेट कुठे वळलाय, किती अरुंद आहे याने फारसा फरक पडत नाही, रेडिओचा उजेड मोजून ऊर्जा काढता येते. डेल फ्रेल, एली वॅक्समन आणि श्रीनिवास कुलकर्णी यांनी २००० मध्ये ती काढली, दहाचा पन्नासावा घात अर्गच्या काही पट निघाली. हे महत्त्वाचं होतं, कारण १९९९ च्या जानेवारीतल्या एका स्फोटाची ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी धरली तर सूर्याचं सगळं वस्तुमान ऊर्जेत बदललं तरी पुरत नव्हतं. जेट मानला की आकडा माणसात येतो. पण वॅक्समन हे दोन्हीकडे आहेत, ऊर्जा मोजणाऱ्या पेपरातही आणि पाच वर्षांनी ती ऊर्जा एफने भागली तरी चालते असं सांगणाऱ्या पेपरातही. याचं मला फार अप्रूप आहे. आपणच बांधलेल्या मोजपट्टीचा ताण किती ते आपणच मोजायचं.

मग कुठलं खरं, याचं उत्तर लाइट कर्व्हमध्ये मिळणार नाही, कितीही ठिपके वाढवले तरी. न चमकणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी काहीतरी दुसरं करायला हवं. आणि ते करतात. चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या रेडिओ प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा ते फिरवतात, प्रत्येक थर वेगळी फिरवतो, सगळं मिळून ध्रुवीकरण पुसट होतं. दृश्य प्रकाशावर हा परिणाम जवळजवळ होतच नाही. म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे ध्रुवीकरण मोजलं आणि रेडिओतलं कमी निघालं, तर मधे थंड इलेक्ट्रॉनांची गर्दी आहे. २१ डिसेंबर २०१९ च्या स्फोटावर हे केलं गेलं, रेडिओत अल्मा आणि दृश्य प्रकाशात व्हीएलटी अशा दोन्ही दुर्बिणींनी, आणि रेडिओतलं ध्रुवीकरण दृश्य प्रकाशातल्यापेक्षा बरंच कमी निघालं. तसं धरलं तर त्या जेटची ऊर्जा नेहमीच्या हिशोबाच्या काही पट भरते. एका स्फोटावरून मी सगळ्यांबद्दल बोलणार नाही, क्षेत्र मुळातच गुंतागुंतीचं असेल तर वेगळा अर्थही लावता येतो. पण जी संख्या आम्ही सवयीने एक धरत आलो ती कुणीतरी मोजायला गेलंय, याने मला बरं वाटलं, एखादा सुंदर फिट बघून वाटतं त्यापेक्षा जास्त. अडचण अशी की असं मोजायला स्फोट तेजस्वी हवा, पहिल्या काही दिवसांत अल्माचा वेळ हवा, आणि त्याच रात्री ऑप्टिकल दुर्बिणीवर ढग नकोत. तोवर निदान एवढं करता येईल की ऊर्जेचा आकडा छापताना शेजारी भागिले एफ असं लिहावं, तळटीपेत न ढकलता, त्याच रकान्यात.